आईच्या हातावर बरोबर चालणारं घड्याळ

आईला ताप येतो, हे आमच्या घरात सगळ्यात आधी एका घड्याळाला कळलं. त्याने ते आपल्या परीने सांगितलंही. पण आमचं घर पडलं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं, त्यामुळे ते मागे पडायला लागल्यावर आम्ही घड्याळच उघडत राहिलो. त्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. नीट सांगता येईल की नाही, याची आजही खात्री नाही. पण ते सगळं पाहिलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, म्हणून जसं आठवतं तसं मांडते.

बडोद्याच्या लहरीपुरा दरवाजातून आत शिरलं की कापडाची आणि बांगड्यांची दुकानं लागायची. त्यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम बसेल एवढी आबांची जागा होती. आबा म्हणजे माझे वडील. आजोबा-पणजोबा संस्थानच्या पागेतले शिपाई. त्याची खूण म्हणून घरात एक रिकामं म्यान होतं, आतली तलवार माझ्या जन्माच्या आधीच कुठे तरी गेली होती. "घराण्यात तलवार होती, माझ्या वाट्याला चिमटा आला," असं आबा गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. डोक्यावर पत्रा, समोर काचेची पेटी, आणि डाव्या डोळ्याला भिंग. संध्याकाळी घरी येताना त्या डोळ्याभोवती एक गोल वळ उमटलेला असायचा. जेवण होईपर्यंत तो जात नसे. लहान असताना मला वाटायचं, सगळ्या वडिलांना संध्याकाळी असा वळ येतो.

आम्ही दुकानामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. आई, आबा आणि मी. बाहेरच्या खोलीत भिंतीला खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला घड्याळ. सगळी चावीची, सेलची घड्याळं तेव्हा आमच्या गल्लीपर्यंत आलेली नव्हती. एकट्या घड्याळाची टिकटिक कानाला लागत नाही. पण भिंतभर घड्याळं एकत्र असली की सुपात तांदूळ पाखडल्यासारखा बारीक आवाज सतत येत राहतो. पाहुण्यांना त्या आवाजाने झोप यायची नाही, आम्हाला तो थांबला तर जाग आली असती. रविवारी आई उसळ करायची, त्यावर शेव आणि लाल तर्री. आबांना ती इतकी तिखट लागायची की डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी ते आणखी मागायचे. शेजारच्या हंसाबेनचं पाहून आई वरणात गुळाचा खडा टाकायला शिकली होती. "अगं, हे वरण आहे की बासुंदी?" आबा विचारायचे. आई म्हणायची, "बडोद्यात राहायचं आणि गुळाला नावं ठेवायची, असं कसं चालेल?" आणि त्यांना आणखी एक पळी वाढायची.

आबांची एक रीत होती. खुंटीला टांगलेलं घड्याळ बरोबर चाललं म्हणजे ते दुरुस्त झालं, असं ते मानत नसत. "त्याला माणसाच्या अंगावर चालायचंय, भिंतीच्या नाही," ते म्हणायचे. म्हणून प्रत्येक घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी काही दिवस घरातल्या कुणाच्या तरी हातावर राहायचं. अंगाच्या उबेत ते कसं वागतं हे पाहायचं, रोज रेडिओच्या ठोक्याशी ताडायचं, आणि मग आतली बारीक काडी केसभर सरकवून ते मागेपुढे करायचं. आबांच्या स्वतःच्या हाताला दुकानात सतत दिव्याची धग, माझ्या हाताला घाम. आईचा हात मात्र त्यांना पसंत होता. "हिचा हात समशीतोष्ण आहे," ते म्हणायचे. "काश्मीर नाही आणि मारवाडही नाही." म्हणून महत्त्वाची घड्याळं आईकडे. ती पोळ्या लाटायची तेव्हा तिच्या बांगड्यांच्या वर कुणाचं तरी जाडजूड पुरुषी घड्याळ हलत असायचं. हंसाबेन जिन्यात अडवून म्हणायच्या, "भाभी, तमे तो आखी दुकान हाथे पहेरीने फरो छो!" आई हात वर करून दाखवायची आणि म्हणायची, "टाइम विचारा, कुणाचा पाहिजे ते सांगा."

मी त्या वर्षी कॉलेजात गेले होते. आमच्या घरातून, खरं तर आमच्या सगळ्या नातेवाइकांतून, पहिलीच. मला तिथे फार संकोच वाटायचा. बाकीच्या मुली इंग्रजीत प्रश्न विचारायच्या, मी घरी येऊन ते प्रश्न मराठीत मांडून पाहायचे. पण पदार्थविज्ञानाच्या तासाला सरांनी उष्णतेने धातू कसा पसरतो हे शिकवलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्या घरातलं आहे. मी आबांना उत्साहाने सांगितलं. घड्याळात एक चाक झोके घेत असतं, त्याला केसासारखी बारीक गुंडाळलेली कमान असते, तिला आबा बालकमान म्हणत. गरमी वाढली की ती कमान जराशी नरम पडते, चाक जरासं पसरतं, झोका लांबतो आणि घड्याळ मागे पडतं. थंडीत याच्या उलट. आबांना ऋतूप्रमाणे घड्याळं बदलतात हे ठाऊक होतंच, पण का ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी भिंग काढून माझं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "मारी दीकरी कॉलेजमां भणे छे, ए कहे छे के गरमीमां कमान ढीली पडे." मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

होळी होऊन गेली आणि डभोईचे कांतिशेठ त्यांच्या वडिलांचं घड्याळ घेऊन आले. कांतिशेठ धान्याचे व्यापारी, छोट्या रुळांच्या आगगाडीने बडोद्याला येत-जात. वेळेच्या बाबतीत फार काटेकोर, स्टेशनचं घड्याळ चुकलं तर मास्तरला सांगणारे. त्यांच्या वडिलांच्या घड्याळाची बालकमान तुटली होती. नव्या घड्याळांत खास मिश्रधातूची कमान असते, तिला ऊन-थंडी फारशी कळत नाही. पण या घड्याळाला बसेल अशी तसली कमान बाजारात कुठे मिळेना. शेवटी आबांनी आपल्या डब्यातल्या एका मेलेल्या घड्याळाची जुनी पोलादी कमान काढून त्याला बसवली. "हिला सगळं कळतं," ते म्हणाले. "जरा ऊन वाढलं की रुसणार. पण चालेल." खुंटीवर ते छान चाललं. मग आबांनी ते आईच्या हातावर बांधलं. पट्टा तिला सैल झाला, म्हणून आबांनी टोच्याने एक भोक पाडलं.

आईच्या हातावर ते मागे पडायला लागलं. फार नाही, आठवड्यात दोन-तीन मिनिटं. आबांनी उघडलं, साफ केलं, तेल बदललं, पुन्हा बांधलं. पुन्हा मागे. "उन्हाळा लागला," ते म्हणाले. सगळ्यांनाच ते पटलं, कारण बाहेर खरोखरच रस्ते तापायला लागले होते. आई दुपारी भिंतीला टेकून बसायला लागली, तीही म्हणायची उन्हाळा आहे. तिला खोकला यायचा, तेव्हा ती फोडणीचा ठसका आहे म्हणायची, आणि फोडणी नसतानाही तिला कुणी विचारत नसे. संध्याकाळी तिचे गाल असे रंगायचे की हंसाबेन म्हणाल्या, "भाभी तो जुवान थतां जाय छे." घड्याळ तिच्या मनगटावरून खाली घसरायला लागलं, तेव्हा आबांनी पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. मग काही दिवसांनी आणखी एक. टोच्याने भोक पाडताना ते पट्टा मांडीवर धरायचे, आई हात पुढे करून शेजारी बसलेली असायची. ते दृश्य मला इतकं स्पष्ट दिसतं की कधी कधी वाटतं, तेव्हाही मी ते असंच बघत होते. पण तसं नाही. तेव्हा ते रोजचंच होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"अहो, राहू द्या की आता," आई एकदा म्हणाली. "घड्याळ चांगलं आहे. उगाच त्याचं पोट किती वेळा उघडाल?"

"मागे पडतंय ना पण."

"मग माझ्या हातावरून काढा आणि दुसऱ्या कुणाला बांधा."

"तुझा हात सोडून मी कुणावर विश्वास ठेवू?" आबा म्हणाले. ते थट्टेत म्हणाले नव्हते. ते घड्याळावर संशय घ्यायचे, तेलावर, कमानीवर, रेडिओवरसुद्धा. आईच्या हातावर नाही. शेवटी त्यांनी काडी पुरती वेगाच्या बाजूला सरकवली आणि घड्याळ आईच्या मनगटावर रेडिओच्या ठोक्याला ठोका देऊन चालायला लागलं. आबा त्या दिवशी फार खूश होते. कांतिशेठ आले, रुमालाने काच पुसून घड्याळ हातावर बांधून गेले.

दोन आठवड्यांनी ते परत आले. मी दुकानात आबांचा डबा घेऊन गेले होते. शेठ पायरीवरूनच बोलायला लागले. "आबासाहेब, आ घडियाळ तो दोडे छे! मी स्टेशनवर जाऊन बसतो, गाडी येतच नाही. लोक हसे छे मारा उपर."

"पुढे जातं?" आबांनी पुन्हा विचारलं. "मागे नाही? या उन्हात?"

"आगळ, भाई, आगळ!"

आबांनी घड्याळ ठेवून घेतलं. ते स्वतःच्या हातावर बांधलं, ते पुढे गेलं. माझ्या हातावर बांधलं, पुढे गेलं. एरवी ते चिडले असते, या वेळी चिडले नाहीत. मी कॉलेजातून आले की ते माझं मनगट पकडून घड्याळ रेडिओशी ताडायचे आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायचे. मग त्यांनी ते परत आईला बांधलं. पट्ट्याचं शेवटचं भोकही सैल झालं होतं, म्हणून खाली चिंधी दुमडून घातली. आईच्या हातावर ते बरोबर चाललं. सेकंदाचाही फरक नाही.

तो रविवार होता. उसळ शिजत होती. आई दारात बसून तांदूळ निवडत होती, मी वही घेऊन खिडकीत होते. रेडिओवर वेळेचे ठोके झाले आणि आबा आईसमोर उकिडवे बसले. त्यांनी घड्याळ बघायला तिचं मनगट हातात घेतलं, आणि घड्याळ बघून झाल्यावरही ते सोडलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमे, इकडे ये. हात दे." त्यांनी एका हातात आईचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातात माझं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. भिंतीवरची घड्याळं चालू होती. आबांचे ओठ हलत होते, जसे बालकमान बसवताना हलायचे.

"चुलीपाशी होते, ऊब लागणारच," आई म्हणाली.

"चुलीपासून उठून तुला तास झाला," आबा म्हणाले. मग त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. माझ्यासमोर त्यांनी आईला असा हात कधी लावला नव्हता, ती लाजून मागे सरली. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून? उन्हाळा आहे."

"घड्याळ बरोबर आहे गं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी जवळ गेले. "मी ते तुझ्या तापावर लावून दिलंय."

उसळ करपल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून आबांना दाखवला. दोन्ही बाजूंना पांढरे डाग होते, एका बाजूला तर फारच. क्षय आहे, खूप उशिरा आलात, असं ते म्हणाले. रागाने नाही, रोज म्हणत असावेत तसं. आई बाकावर बसली होती. आबांनी बाहेर येऊन तिला सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ पदराच्या टोकाशी खेळली आणि म्हणाली, "म्हणजे घड्याळ चांगलं होतं. मी म्हणत नव्हते?" तिने ते त्यांना धीर द्यायला म्हटलं होतं, हे मला आता कळतं. आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तिला दाखल करून घेतलं. कांतिशेठ घड्याळ न्यायला आले, तेव्हा आबांनी त्यांना जे होतं ते सांगितलं. ही रीत आहे, हातावर घालून बघतो, आणि घरी असं असं निघालं. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी आईची चौकशी केली. पण बोलता बोलता ते आपलं मनगट चोळायला लागले, जिथे दोन आठवडे ते घड्याळ होतं. "हवे ए तमे ज राखो," ते म्हणाले. "मारे नथी जोईती." मग ते समोरच्या नळावर गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले. वडिलांचं घड्याळ त्यांनी पुन्हा कधी मागितलं नाही. बाजारात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. घड्याळ दुरुस्तीला टाकायला आलेली माणसं आधी विचारायची, "घरे तो नथी पहेरता ने?" आबा मान खाली घालून म्हणायचे, "ना. आता कुणी घालत नाही."

पण ते खरं नव्हतं, एक घड्याळ घातलेलं होतं. आईनेच ते मागून घेतलं. बांगड्या काढून ठेवल्या होत्या, हात मोकळा वाटतो म्हणाली. आणि मग आमचं एक विचित्र वेळापत्रक सुरू झालं. घड्याळ तिच्या तापावर लावलेलं होतं. ताप उतरला तर ते पुढे जायला हवं. रोज भेटीच्या वेळी आबा आपल्या खिशातलं घड्याळ काढून तिच्या घड्याळाशी ताडायचे. नर्स खाटेला लावलेला तापाचा तक्ता दाखवायची, आबा त्याकडे बघायचे नाहीत. "जाऊ दे पुढे," ते घड्याळाला म्हणायचे. "पळ. पळ की." आई हसायची. "पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली, "तुम्ही घड्याळ चुकायची वाट बघताय."

पाऊस सुरू झाला आणि औषधं लागू पडली म्हणा, ते खरंच पुढे जायला लागलं. आधी अर्धं मिनिट, मग आणखी. आबा वॉर्डातल्या अनोळखी माणसांना सांगायचे, "पुढे गेलं, आज आणखी पुढे गेलं." डॉक्टरही म्हणाले की ताप कमी आहे. आईने मला परीक्षेचं विचारलं, कुठला धडा चाललाय ते विचारलं. उष्णता संपून ध्वनी सुरू झालाय, असं मी सांगितलं. "चांगलं आहे," ती म्हणाली. "उष्णता पुरे झाली." हंसाबेननी पाठवलेलं गोड वरण तिने वाटीभर खाल्लं. त्या दिवसांत आबांच्या डोळ्याभोवती पुन्हा भिंगाचा वळ दिसायला लागला होता. ते दुकानात बसायला लागले होते.

गणपती उठले त्या सुमाराला एकदा आम्ही गेलो. आबांनी खिशातलं घड्याळ काढलं. दोन्ही घड्याळं शेजारी धरली. आदल्या दिवशी त्यांनी आईचं घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळवून ठेवलं होतं. ते अगदी तसंच जुळलेलं होतं. काटा काट्यावर. त्यांनी ते कानाला लावलं, बंद तर पडलं नाही ना बघायला. चालू होतं. दुसऱ्या दिवशीही जुळलेलंच होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "बरोबर टाइम बतावे छे?" आबा खाली जमिनीवर बसले. "हो," ते म्हणाले. "एकदम बरोबर."

दसऱ्याआधी आई गेली.

आबांनी पुढे बरीच वर्षं दुकान चालवलं. सेलची घड्याळं आल्यावर सेल बदलून दिले, पट्टे बदलले. पण घड्याळ कुणाच्या अंगावर घालून पाहिलं नाही. दुरुस्त केलं की खुंटीवर, आणि खुंटीवरून गिऱ्हाइकाला. थोडं मागेपुढे जातं अशी तक्रार आली तर ऐकून घ्यायचे. घरातल्या भिंतीवरचे खिळे त्यांनी एका दुपारी पक्कडीने उपटून काढले. त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या शांततेने जाग यायची. मी कॉलेज पुरं केलं, शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले. दरवर्षी उष्णतेचा धडा यायचा. रेल्वेच्या रुळांमधली फट सांगितली, बरणीचं घट्ट झाकण गरम पाण्यात धरायचं सांगितलं. घड्याळाचं उदाहरण पुस्तकातही होतं. ते मी मुलांना घरी वाचायला सांगायचे.

ते घड्याळ आता माझ्याकडे आहे, बडोद्याच्याच हरणी भागातल्या या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये. एकदा नातीने ते हाताला लावलं आणि म्हणाली, आजी, हे फास्ट आहे, दुकानात देऊन नीट करून घे. फोनवर तिने असा माणूसही शोधून दिला. मी बघू म्हटलं. आतली काडी आबांनी सरकवली तिथेच आहे, ती मी कुणाला हलवू देणार नाही. सकाळी चावी देते आणि पुढे गेलेली मिनिटं मागे घेते. कुणाच्याही हातावर ते पुढेच जातं, माझ्या, मुलाच्या, नातीच्या. आम्ही सगळे त्याच्या दृष्टीने गार आहोत.

फक्त मे महिन्यात असे काही दिवस येतात, जेव्हा पंखा गरम हवा फेकतो, गॅलरीची फरशी पायाला चटका देते आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही. तेव्हा मी ते हातातून काढून खिडकीतल्या फळीवर ठेवते. रेडिओ आता नाही, फोनवरची वेळ बघते. त्या दिवसांत ते बरोबर चालतं. मी शेजारी खुर्ची घेऊन बसते, आणि मधूनच त्याच्या मागच्या झाकणाला बोटं लावून बघते. ते आईच्या हाताइतकं गरम झालेलं असतं.